चढावरचा बाक

१२ जानेवारी

सूनबाई,

परवा फोनवर तू बराच वेळ बोललीस. त्यातलं मला ‘बाबा’ आणि ‘ठेवते’ एवढंच ऐकू आलं. जन्मभर करवतीच्या मशीनपाशी उभा राहिलो, त्याचं हे पेन्शन. म्हणून आता पत्र. तूही पत्रच लिही. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, पण ते निदान चष्मा लावून वाचता येतं. कानाला लावायला तसला चष्मा मिळाला होता, त्यातून नुसती शिट्टी ऐकू येते. तो कपाटात ठेवलाय.

चिरंजीवांचा निरोप पोचला. आईला इथल्या शुश्रूषागृहातून तुमच्या शहरातल्या शुश्रूषागृहात हलवायचं आणि मी तुमच्याकडे येऊन राहायचं. पोरगा भलंच बघतोय, मला कळतं. पण हिच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या आहेत की खोली बदलली तर आहे तेवढंही विसरेल.

तुला एक सांगतो, ते त्याला सांगून कळणार नाही. हिची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि खिडकी चढाच्या रस्त्यावर उघडते. दुपारचा चहा झाला की ती तिथे बसते. मी खालच्या वळणावर दिसलो की ती माझ्याकडे बघायला लागते. मी धापा टाकत वर पोचेपर्यंत हा कोण, हे तिचं तिने जुळवलेलं असतं. मग दारात गेलो की हसते. मागे एकदा टॅक्सी करून गेलो आणि एकदम दारात उभा राहिलो, तर घाबरली आणि सिस्टरच्या मागे लपली. एवढा संसार झाला आमचा, आणि मला बघून ती लपली. तेव्हापासून टॅक्सीचं नाव काढत नाही.

अडचण एवढीच की हृदयाच्या ऑपरेशननंतर मला थोडं चाललं की बसावं लागतं. बसलो की परत चालता येतं. बसायला मिळालं नाही तर संपलं. गेल्या आठवड्यात दोन दिवस अर्ध्यातून परत आलो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तिला जुळवायला जास्त वेळ लागला. हे असंच वाढत गेलं तर काय होईल ते मला दिसतंय.

नवऱ्याला यातलं काही बोलू नकोस.

तुझा सासरा

*

१९ जानेवारी

बाबा,

अक्षरावरून टोमणे मारलेत म्हणून हे पत्र टाइप करतेय. आता खोड काढायची तर शुद्धलेखनात काढा.

सोबत एक नकाशा आहे. बसच्या मार्गांचे नकाशे करून मला पगार मिळतो, हा मात्र फुकट केलाय. तुमच्या नगरपालिकेने वर्षभरापूर्वी आपल्याकडच्या बऱ्याच याद्या वेबसाइटवर टाकल्या. रस्त्यावरची झाडं, दिवे, पिण्याच्या पाण्याचे नळ, आणि बाक. प्रत्येक बाक कुठे आहे, लाकडाचा की लोखंडाचा, केव्हा बसवला, सगळं. अर्ज नाही, ओळख नाही, खेटे नाहीत. ज्याला हवं त्याने घ्यावं. मला वाटतं आजवर कुणी बाकांची यादी उघडलीही नसेल. माझ्या ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले, म्हणे बाकांचं काय करणार? म्हटलं, बसणार.

तुमच्या घरापासून आईंच्या शुश्रूषागृहापर्यंत सरळ रस्त्याने गेलात तर मध्ये बाक फार थोडे आहेत. पण वाचनालयाच्या मागून गेलात तर थोडं लांब पडतं, आणि तुम्हाला प्रत्येक टप्प्यावर बसायला मिळतं. शेवटच्या चढावर दोन आहेत, एक औषधांच्या दुकानासमोर आणि एक वळणाच्या पुढे. मी ते लाल रंगाने दाखवलेत.

‘त्यांना’ काही बोलले नाही. पण बाबा, त्यांनी आईंसाठी इथल्या शुश्रूषागृहात नाव नोंदवलंय. मार्चअखेर हो किंवा नाही सांगायचं आहे. तोवर तुमचं रोजचं जाणं जमलं, तर मी तुमच्या बाजूने भांडेन. नाही जमलं तर मला भांडायला तोंड राहणार नाही.

तुमची सून

*

१ फेब्रुवारी

नकाशेवाली,

तुझा कागद घडी घालून खिशात ठेवलाय. वाचनालयामागची गल्ली मला ठाऊकच नव्हती. या गावात म्हातारा झालो आणि एक गल्ली बघायची राहिली होती. तिथे एक लोहारकाम करणारा बसतो, त्याला माझ्याइतकंच कमी ऐकू येतं, त्यामुळे आमचं छान जमलं. दोघंही आपापलं बोलतो.

बाकांबद्दल सुतार म्हणून माझं मत विचारलं नाहीस, तरी देतो. वाचनालयाचा बाक उत्तम, सागाचा, सांधे अजून घट्ट. बँकेसमोरचा लोखंडी आहे, थंडीत त्यावर बसणं म्हणजे शिक्षा. शाळेपाशी आहे त्याची पाठ इतकी ताठ की माणूस आपोआप खरं बोलायला लागेल. पण आहेत, सगळे जागच्या जागी आहेत. गेले काही दिवस मी चढाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत येतोय, अंगाला सवय म्हणून. दरम्यान हिला भेटायला लोहारदादाच्या पोरीच्या स्कूटरवरून वळणापर्यंत जातो आणि पुढे चालतो. पण पोरीची परीक्षा आहे, तिला किती राबवायचं?

उद्यापासून चढ पायी. तुझे दोन लाल ठिपके आहेतच.

सासरा

*

१५ फेब्रुवारी

सूनबाई,

तब्येत उत्तम. थंडी जरा जास्त आहे म्हणून मध्यंतरी घरीच होतो. टेबलाचा पाय डुगडुगत होता तो बसवला. नकाशा छान आहे. काळजी नसावी.

सासरा

*

२१ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी आईंच्या सिस्टरांचा फोन आला. त्यांना वाटलं आम्हाला माहीत असेल. तुमच्या गुडघ्याला टाके पडलेत, तुम्ही चढावर पडलात आणि बराच वेळ फुटपाथवर बसून होतात. आणि तुम्ही मला टेबलाचा पाय सांगता.

मला राग आलाय, पण तुमच्यावर थोडा आणि स्वतःवर जास्त. मी लाल ठिपके दाखवले. मी ते बाक डोळ्यांनी बघितले नव्हते. यादीत होते म्हणून आहेत असं धरलं. सिस्टर म्हणाल्या, त्या चढावर वर्षभर एकही बाक नाही.

मग मी यादी नीट बघितली. त्यात बाक बसवल्याची तारीख लिहायला रकाना आहे. उचलल्याची तारीख लिहायला रकानाच नाही. त्यामुळे एकदा बसवलेला बाक यादीत कायमचा बसलेला. कुणी उचलून नेला, मोडला, जळला, तरी कागदावर तो तिथेच.

मी दोन गोष्टी केल्यात. नगरपालिकेला चूक लिहून कळवली. आणि तुमचा नकाशा सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकला, म्हणजे तुमच्या गावातलं कुणीही बाकावर बोट ठेवून ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगू शकेल. वाचनालयातल्या बाईंनी त्याचा कागद दारावर लावायचं कबूल केलंय.

‘त्यांना’ अजून सांगितलेलं नाही. एवढी मोठी गोष्ट मी पहिल्यांदाच लपवतेय. खरं काय झालं ते तुम्ही मला सांगा. मला, तुमच्या सुनेला.

*

४ मार्च

बाळ,

सांगतो.

आजवर मी हा चढ भिंतीच्या कडेने मान खाली घालून चढत होतो, त्यामुळे तू ठिपके दाखवलेस तेव्हा वाटलं, समोरच्या कडेचे बाक माझ्याच नजरेतून सुटले असतील. औषधांच्या दुकानापर्यंत गेलो तेव्हा बाक नव्हता. फरशीत नुसते चार बोल्ट होते. म्हटलं, पुढचा असेल. वळण ओलांडलं, तिथेही बोल्टच. तेव्हा माझे पाय संपले होते. बसायला खाली वाकलो तो गुडघ्यावरच आपटलो. ते काही मोठं नाही, टाके निघाले.

मोठं हे की तिथून खिडकी दिसते. ती बसली होती. मी खाली फुटपाथवर बसलेलो, मला उठता येईना आणि ती बघत होती. मी हात वर केला. तिनेही केला, पण तसा ती कुणालाही करते. मग पोस्टवाली बाई आली, तिने मला उठवून टॅक्सीत घातलं आणि घरी आणलं. मी ‘वर ने’ असं तिला म्हणू शकलो असतो. पण रक्ताने भरलेली पँट घेऊन दारात उभा राहिलो असतो तर ही परत लपली असती. ते मला सोसलं नसतं. तुला लिहिलं नाही कारण लिहिलं की खरं होतं.

आता तुझ्या नकाशाची बातमी. त्याने गावात धमाल उडवली आहे. पोस्टवालीने तिच्या वाटेवरचे सगळे बाक तपासले. जुळी मुलं असलेली एक बाई आहे, ती रोज बाबागाडी ढकलत फिरते, तिने बाजारातले तपासले. वाचनालयात एक पोटुशी मुलगी येते, ती म्हणाली की मला कुठे बसायला मिळेल हे आधी कळलं असतं तर मी इतके दिवस घरात कोंडून राहिले नसते. मला वाटत होतं बसायची गरज फक्त मला आहे.

पण काल वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं, नगरपालिकेने बाकांची यादी वेबसाइटवरून काढून टाकली. ‘दुरुस्तीसाठी’ असं लिहिलंय. दुरुस्ती म्हणजे काय ते मी जन्मभर बघितलंय, सुताराच्या दुकानात एकदा मागच्या खोलीत गेलेली खुर्ची सहसा बाहेर येत नाही. बाक नगरपालिकेच्या उद्यान खात्याकडे असतात, सोमवारी मी तिथे जाणार आहे.

सासरा

*

८ मार्च

बाबा,

जा. पण ओरडू नका. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही मोठ्याने बोलता आणि समोरच्याला वाटतं भांडताय. लग्नानंतरचे सहा महिने मला तसंच वाटत होतं.

यादीची एक प्रत माझ्याकडे आहे. खुली होती तेव्हा उतरवून घेतली होती, माझ्यासारख्या आणखी कुणीही घेतली असेल. त्यामुळे ती नाहीशी होणार नाही. पण ती प्रत त्या दिवसापुरती आहे. उद्या एखादा बाक हलला तर मला इथे बसून कसं कळणार? यादी ज्यांच्या घरची आहे त्यांनीच ती चालू ठेवायला हवी. त्यांना हे सांगा. आणि त्यांना चोर ठरवू नका. ज्या खात्यांनी काहीच दाखवलं नाही, त्यांच्या चुका कुणाला सापडल्याच नाहीत. यांनी दाखवलं म्हणून यांच्या सापडल्या.

गुडघा कसा आहे? खरं उत्तर द्या.

तुमची सून

*

१७ मार्च

सूनबाई,

गुडघा दुखतो. जिना उतरताना जास्त. हे खरं उत्तर.

उद्यान खात्याच्या बाई तुझ्या वयाच्या असतील. टेबलावर रोपांची कुंडी, भिंतीला बागांचे फोटो. मी ऐकू येत नाही म्हटल्यावर त्या बाजूची खुर्ची ओढून माझ्या उजव्या कानाशी बसल्या. मी भांडायची तयारी करून गेलो होतो, ती तिथेच निम्मी संपली.

त्या म्हणाल्या, यादी वेबसाइटवर टाकायचा हट्ट त्यांचाच होता. वरच्यांना नको होती. आता एवढ्या लोकांनी ‘नाही, नाही’ लिहिल्यावर वरचे म्हणताहेत, वर्षाच्या अहवालात आपण इतके बाक दाखवले आणि आता गावभर हसं झालं, काढा ती यादी. चढावरचे बाक औषधवाल्याच्या तक्रारीवरून उचलले होते. त्यावर रिकामटेकडे बसतात, गिऱ्हाइकांना त्रास होतो, असं त्याचं म्हणणं होतं. उचलले, गोदामात टाकले, आणि यादीत लिहायला जागा नव्हती म्हणून लिहिलं नाही.

मग त्यांनी विचारलं, “आजोबा, आमच्या यादीमुळे तुम्ही पडलात. तरी ती परत लावा म्हणता?”

मी म्हटलं, “यादी नसती तर मी आजही सरळ रस्त्याने निम्मं जाऊन परत आलो असतो. आणि चढावर बाक नाहीत हे फक्त मला माहीत असतं. आता सगळ्या गावाला माहीत आहे. चुकीची यादी दारावर असली तर कुणीतरी खोडून नीट करतो. कपाटात असली तर ती चुकीची आहे हेसुद्धा कळत नाही.”

खूप मोठ्याने बोललो असणार, कारण पलीकडच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. बाई उठल्या. मला खाली गेटपर्यंत सोडायला आल्या.

चार दिवसांनी यादी परत लागली. वाचनालयातल्या बाईंनी दाखवली. ‘केव्हा उचलला’ असा नवा रकाना आहे. यादी आधीपेक्षा बरीच आखूड झाली आहे. पण आता ती खरी आहे, आणि त्या बाईंनी ते केलं. वरच्यांचं काय ऐकून घ्यावं लागलं असेल कोण जाणे.

चढावरचे बाक मात्र आलेले नाहीत. मी हिच्याकडे स्कूटरवरून जातोय, जमेल तेव्हा. या आठवड्यात एकदा तिने मला ‘तुम्ही कुणाला भेटायला आलात’ असं विचारलं. मी म्हटलं, तुम्हालाच. मार्च संपत आला, मला माहीत आहे.

सासरा

*

२६ मार्च

बाबा,

‘त्यांना’ कळलं. मी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी हे माझ्या कॉम्प्युटरवर तुमच्या गावाचा नकाशा बघत बसले होते. लहानपणच्या गल्ल्या शोधत होते बहुतेक. चढावर बोट नेलं तर तिथे पोस्टवालीने लिहिलेलं होतं: ‘इथे बाक नाही. एक आजोबा इथे पडले. वरच्या शुश्रूषागृहात बायकोला भेटायला रोज जातात.’

यांनी ते दोनदा वाचलं. मग मला विचारलं, “आपले बाबा का?” मी हो म्हटलं, आणि सगळं सांगितलं. खिडकीचं, टॅक्सीचं, आईंच्या लपण्याचं. मला वाटलं आता आवाज चढणार. चढला नाही. म्हणाले, मला वाटत होतं बाबा हट्टाने चालतात.

दुपारी त्यांनी इथल्या जागेसाठीचं नाव काढून घेतलं. मला भांडावं लागलं नाही. मी एवढी तयारी केली होती, ती वाया गेली याचं मला किती बरं वाटतंय म्हणून सांगू.

आणि त्या ठिपक्यावर त्यांनी स्वतः एक ओळ लिहिली. मी तशीच उतरवते: ‘वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खिडकीत माझी आई बसते. बाक परत बसवाल तेव्हा तो तिला दिसेल असा बसवा.’

खाली आपलं नाव लिहिलं नाही. नुसतं ‘मुलगा’ असं लिहिलं.

तुमची सून

*

२९ एप्रिल

सूनबाई, आणि चिरंजीव तूही वाच,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावू नका. वेळ मिळत नाही, मी कामात आहे. रोज दुपारी बायकोला भेटायला जातो.

बाक बसला. लाकडाचा आहे, पाठीला थोडा कल आहे, मी हात फिरवून बघितला, रंधा बरा मारलाय. वळणाच्या पुढे, खिडकीच्या अगदी समोर. औषधवाला पहिल्या दिवशी दारात उभा राहून बघत होता. म्हटलं, आता हा भांडणार. त्याने पाण्याचा ग्लास आणून दिला. म्हणाला, त्याने तुझी ओळ वाचली, मुला. उद्यान खात्याच्या बाई बाक बसवताना स्वतः वर हिच्या खोलीत गेल्या होत्या म्हणे, दिसतो की नाही ते बघायला.

पोटुशी मुलगीही तिथे बसते. सकाळची वेळ तिची, दुपारची माझी.

आता हिचं सांगतो. गेले दोन महिने मी कधी गेलो, कधी नाही गेलो, त्यात बरंच पुसलं गेलं. मला खोटी आशा लावून घ्यायची नाही. ती आता मला ‘अहो’ म्हणत नाही. आमचं लग्न, तुझा जन्म, दुकान, काही विचारलं तर नुसती बघते. मी याचं रडून घेतलंय, वाचनालयाच्या बाकावर.

काल मी चढावर बसलो होतो. जरा जास्त वेळ बसलो, ऊन होतं. वर गेलो तर सिस्टर दारातच होत्या. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. त्यांनी हिचा चहा उचलायला घेतला तर हिने दुसरा कप मागितला. कुणासाठी, म्हणून विचारलं. ही खिडकीतून बोट दाखवून म्हणाली, “तो माणूस. कोण आहे ते मला आठवत नाही. पण तो तिथे बसतो आणि मग माझ्याकडे येतोच.”

चहा गार झाला होता. मी प्यालो.

तुमचा बाबा